‘प्रिपोझिशन बघ’ म्हणजे नेमकं काय बघू?

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे डिप्लोमा. चाकणच्या एका कारखान्यात परदेशी ग्राहकांना मेल पाठवायचं काम माझ्याकडे आहे. स्पेलिंग आणि काळ आता बऱ्यापैकी जमतात, पण जवळजवळ प्रत्येक मेल साहेबांकडून ‘प्रिपोझिशन बघ’ असा शेरा घेऊन परत येतो. प्रिपोझिशन्सची लांबलचक यादी पाठ केली, उपयोग शून्य. परवाचा मेल सोबत देते आहे. आणखी एक शंका : वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं तर वाक्य चुकतं, असं साहेब म्हणतात. खरं का? — एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : तुमचा मेल असा आहे. ‘ऑल्दो वी हॅव सेंट द ड्रॉइंग्ज, बट वी आर वेटिंग युअर अप्रूव्हल सिन्स थ्री वीक्स. अन्टिल यू डोन्ट अप्रूव्ह, वी कॅनॉट डिस्कस अबाउट डिलिव्हरी. प्लीज सेंड द साइन्ड कॉपी अन्टिल फ्रायडे. आय लुक फॉरवर्ड टू मीट यू ऑन नेक्स्ट मंडे.’

चार वाक्यांत आठ जागा अडतात. त्यांतल्या सहा प्रिपोझिशनच्या (इन, ऑन, फॉर असे नामाआधी येणारे छोटे शब्द) आहेत आणि दोन कंजंक्शनच्या (बट, बिकॉज असे वाक्यं जोडणारे शब्द), म्हणजे साहेबांचा शेराही पुरता बरोबर नाही. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. या आठातली जवळजवळ प्रत्येक चूक मराठीत बरोबर आहे. ‘तीन आठवड्यांपासून’, ‘शुक्रवारपर्यंत’, ‘डिलिव्हरीबद्दल चर्चा’, ‘जोपर्यंत देत नाही तोपर्यंत’ हे सगळं शुद्ध मराठी आहे. तुम्ही मराठी प्रत्यय उचलून त्याच्या जागी एक ठरलेला इंग्रजी शब्द बसवता, आणि पाठ केलेली यादी नेमकी तीच सवय पक्की करते. यादी ठेवून द्या. मराठीचा एक प्रत्यय इंग्रजीत जिथे दोन-तीन वाटांनी फुटतो, त्या मोजक्या जागा ओळखा. बाकीचं तुम्हाला येतंच आहे.

सगळ्यात महाग पडणारा प्रत्यय ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत कॉपी पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत मी पुण्यात आहे’ या दोन्हीत आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय’ आणि दुसऱ्यासाठी ‘अन्टिल’. काम एकदाच व्हायचं आहे आणि त्याची शेवटची मुदत सांगायची आहे, तर बाय. एखादी स्थिती त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार आहे, तर अन्टिल. ओळखायची युक्ती मराठीतच आहे : ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत पाठवा’ चालतं, म्हणून बाय. ‘शुक्रवारच्या आत मी पुण्यात आहे’ हे कानाला खटकतं, म्हणून अन्टिल. ‘सेंड इट अन्टिल फ्रायडे’ वाचणाऱ्याला शब्दशः ‘शुक्रवारपर्यंत पाठवत राहा’ असं दिसतं. तो समजून घेतो, ही त्याची भलाई. उलटी चूक मात्र खरोखर अंगाशी येते. दिवाळीच्या सुट्टीत ‘द प्लँट विल बी क्लोज्ड बाय मंडे’ असं कळवलंत, तर त्याचा अर्थ ‘सोमवार यायच्या आत प्लँट बंद झालेला असेल’ असा होतो. तुम्हाला सांगायचं होतं की सोमवारपर्यंत बंद आहे, नंतर सुरू. तिथे ‘क्लोज्ड अन्टिल मंडे’ हवं, आणि त्याहून बरं म्हणजे पुढे ‘वी विल रीओपन ऑन मंडे’ असंही लिहावं, म्हणजे सोमवार सुट्टीत धरायचा की कामात, हा घोळ उरत नाही. तसंच, ‘बाय फ्रायडे’त शुक्रवार धरलेला असतो आणि ‘बिफोर फ्रायडे’त नसतो. मुदत खरंच महत्त्वाची असेल तर वार पुरेसा नाही. वेळ लिहा आणि ती भारतीय वेळ आहे की ग्राहकाची, तेही लिहा.

‘पर्यंत’ला आणखी दोन फाटे आहेत. अंतर असेल तर ‘टू’ किंवा ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’, संख्या असेल तर ‘अप टू’. ‘टिल द गेट’ आणि ‘टिल फिफ्टी पीसेस’ हे दोन्ही आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. दोन्ही टाळा.

आता ‘पासून’. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन आठवड्यांपासून’ यांत मराठी फरक करत नाही, इंग्रजी करते. कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येईल असा बिंदू असेल तर सिन्स : सिन्स मंडे, सिन्स 2019, सिन्स द लास्ट ऑडिट. मोजता येईल असा कालावधी असेल तर फॉर : फॉर थ्री वीक्स, फॉर फाइव्ह इयर्स, फॉर अ लाँग टाइम. पण एवढ्यावर थांबू नका, कारण अर्धी चूक क्रियापदात दडलेली असते. आपण ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करते’ असं वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून ‘आय अ‍ॅम वर्किंग’ असं लिहिलं जातं. तेव्हा सुरू झालेलं काम अजून चालू आहे, हे सांगायला इंग्रजीत ‘आय हॅव बीन वर्किंग’ लागतं. फॉर बरोबर घातलं आणि पुढे ‘आर वेटिंग’ तसंच ठेवलं, तर मेल पुन्हा परत येईल. आणि काम अजून सुरूच व्हायचं असेल तर सिन्स अजिबात नाही : ‘सोमवारपासून डिस्पॅच सुरू होईल’ म्हणजे ‘डिस्पॅच विल स्टार्ट ऑन मंडे’ किंवा ‘फ्रॉम मंडे’.

‘दोन दिवसांनी’चंही तसंच आहे. आजपासून मोजत असाल तर ‘इन टू डेज’, ‘आफ्टर टू डेज’ नव्हे. दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मोजत असाल तर आफ्टर : ‘टू डेज आफ्टर डिलिव्हरी’. पैशाच्या अटी लिहिताना मात्र साधं ‘इन थर्टी डेज’ टाळा; तिसाव्या दिवशी की तिसाव्या दिवसाच्या आत, हे त्यातून नक्की कळत नाही. ‘विदिन थर्टी डेज ऑफ इनव्हॉइस डेट’ असं स्वच्छ लिहावं.

‘डिस्कस अबाउट’ ही चूक भारतभर होते. तिचं मूळ नीट कळलं की एका फटक्यात दहा-बारा चुका जातात, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ. मराठीत आपण ‘चर्चा करणे’, ‘विनंती करणे’, ‘मागणी करणे’, ‘भेट देणे’, ‘संपर्क साधणे’, ‘भर देणे’ असं म्हणतो. म्हणजे एक नाम घेतो आणि त्याला करणे-देणे जोडतो. ते नाम स्वतःसोबत प्रत्यय मागतं : कशाबद्दल चर्चा, कशाची मागणी, कशावर भर. इंग्रजीतही नामाला प्रिपोझिशन लागतंच : अ डिस्कशन अबाउट डिलिव्हरी, अ रिक्वेस्ट फॉर सॅम्पल्स, अ डिमांड फॉर पेमेंट, अ व्हिजिट टू द प्लँट, एम्फसिस ऑन क्वालिटी, लॅक ऑफ स्पेस. पण तोच शब्द क्रियापद म्हणून आला की प्रिपोझिशन गळतं आणि कर्म थेट चिकटतं : डिस्कस डिलिव्हरी, रिक्वेस्ट सॅम्पल्स, डिमांड पेमेंट, व्हिजिट द प्लँट, एम्फसाइज क्वालिटी, लॅक स्पेस, कॉन्टॅक्ट द सप्लायर. आपण डोक्यात ‘चर्चा करणे’ धरतो, हाताने ‘डिस्कस’ लिहितो, आणि चर्चेचं ‘बद्दल’ मागे लोंबकळत राहतं. मेल तपासताना एवढंच विचारा : हा शब्द इथे नाम आहे की क्रियापद? त्याच्या आधी ‘अ’, ‘द’ किंवा ‘युअर’ बसत असेल तर नाम; प्रिपोझिशन ठेवा. नाहीतर काढा.

नियम आहे तिथे अपवादही आहेतच. रिप्लाय हे क्रियापद असूनही ‘टू’ सोडत नाही. म्हणून ‘आन्सर द मेल’, पण ‘रिप्लाय टू द मेल’. ‘एन्टर द रूम’ला इन्टू नको, पण करारात शिरायचं असेल तर ‘एन्टर इन्टू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’ हेच बरोबर.

उलट बाजूला, जिथे प्रिपोझिशन हवंच तिथे आपण ते खातो, कारण मराठीत ‘ची’, ‘ला’ हे प्रत्यय इतके बारीक असतात की इंग्रजीत जाताना गळून पडतात. तुमचं ‘वेटिंग युअर अप्रूव्हल’ त्यातलंच. वेट फॉर, लिसन टू, अप्लाय फॉर लीव्ह, अ‍ॅग्री विथ यू, अ‍ॅग्री टू द प्राइस. फॉर नकोच असेल तर ‘अवेट’ हे क्रियापद आहे, ते कर्म थेट घेतं. पण ‘अवेट फॉर’ लिहिलंत तर पुन्हा फसलात. ‘एक्सप्लेन मी’ची गंमत वेगळी. ‘सेंड मी द ड्रॉइंग’ चालतं, म्हणून ‘एक्सप्लेन मी द ड्रॉइंग’ही चालेल असं वाटतं. ते चालत नाही. ‘एक्सप्लेन द ड्रॉइंग टू मी’ असंच म्हणावं लागतं. सजेस्टचंही तेच.

काही जोड्यांना तर्क लावत बसू नका. ‘शी’ लग्न, पण मॅरीड टू. ‘वर’ राग, पण अँग्री विथ. ‘वर’ विश्वास, पण बिलीव्ह इन. ‘त’ हुशार, पण गुड अ‍ॅट. अशा शब्दांसाठी डिक्शनरी उघडायची, आणि तीही लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेली. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लॉन्गमन या तिघांच्याही नेटवर फुकट आहेत. मराठी अर्थ देणाऱ्या डिक्शनरीत बहुधा फक्त अर्थ मिळतो. यांत शब्दाशेजारी कोणतं प्रिपोझिशन लागतं ते दाखवलेलं असतं आणि खाली वाक्यंही असतात. वहीत शब्द सुटा लिहू नका. ‘वेट’ नको, ‘वेट फॉर अप्रूव्हल’ लिहा.

इन, ऑन, अ‍ॅट तुम्हाला शाळेत शिकवलेलं आठवत असेल : घड्याळाला अ‍ॅट, वार-तारखेला ऑन, महिना-वर्षाला इन. ते बरोबर आहे. त्यात दोन गोष्टी घाला. एक, वार आला की तोच जिंकतो : ‘इन द मॉर्निंग’, पण ‘ऑन मंडे मॉर्निंग’. दोन, नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांच्या आधी काहीच नाही. ‘ऑन नेक्स्ट मंडे’तलं ऑन म्हणून काढायचं. आणि ग्राहकाला साध्या नेक्स्ट मंडेपेक्षा तारीख दिलेली कधीही बरी. बुधवारी पाठवलेल्या मेलमधला ‘नेक्स्ट मंडे’ येणारा की त्यानंतरचा, यावर खुद्द इंग्रजांचंही एकमत नसतं.

‘लुक फॉरवर्ड टू मीट’ची चूक ‘टू’ची दोन रूपं न ओळखल्यामुळे होते. ‘वाँट टू मीट’मधला टू क्रियापदाचा आहे. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला टू प्रिपोझिशन आहे, आणि प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं. परीक्षा सोपी : टूच्या पुढे साधं नाम ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टू युअर व्हिजिट’ बसतं, म्हणून ‘टू मीटिंग यू’. ‘वाँट टू युअर व्हिजिट’ बसत नाही, म्हणून ‘वाँट टू मीट’. कमिटेड टू, ऑब्जेक्ट टू, इन अ‍ॅडिशन टू, यूज्ड टूमधला ‘सवय असलेला’ हा अर्थ, या सगळ्यांच्या पुढे आयएनजीच.

आता कंजंक्शन. मराठीला जोडीनं बोलायला आवडतं : जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत. इंग्रजीत दोन वाक्यांच्या सांध्याला एकच खिळा. ऑल्दो असेल तर बट नको, बट असेल तर ऑल्दो नको. बिकॉजने सुरुवात केली तर पुढे सो किंवा देअरफोर नको. व्हेननंतर ‘अ‍ॅट दॅट टाइम’ नको. ‘तरी’शिवाय अगदीच चुकल्यासारखं वाटत असेल तर ‘ऑल्दो... वी स्टिल...’ लिहा, स्टिल हे अ‍ॅडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण, आहे, त्याने सांधा दुहेरी होत नाही. इफनंतर देन चालतं, पण मेलमध्ये बहुतेक वेळा त्याची गरज नसते. इंग्रजीच्या स्वतःच्याही जोड्या आहेत, त्या मात्र मोडायच्या नाहीत : आयदर-ऑर, नायदर-नॉर, बॉथ-अँड, बिटवीन-अँड, फ्रॉम-टू. ‘दहा ते बाराच्या दरम्यान’ म्हणून ‘बिटवीन टेन टू ट्वेल्व्ह’ हे आपल्याकडचं लाडकं मिश्रण. बिटवीन टेन अँड ट्वेल्व्ह, किंवा फ्रॉम टेन टू ट्वेल्व्ह.

‘अन्टिल यू डोन्ट अप्रूव्ह’ ही तर अस्सल मराठी चूक. ‘जोपर्यंत तुम्ही मंजुरी देत नाही’ यात ‘नाही’ लागतंच, ते काढलं तर वाक्य मरतं. इंग्रजी अन्टिलला मंजुरी देण्याचा क्षण हवा असतो, न देण्याचा काळ नव्हे. म्हणून ‘अन्टिल यू अप्रूव्ह’. अनलेसचं कारण थोडं वेगळं : त्याच्या पोटातच ‘जर नाही’ बसलेलं आहे. ‘अनलेस यू डोन्ट पे’ म्हणजे ‘तुम्ही पैसे न देणं थांबवलंत तर’ असला काहीतरी गुंता होतो.

याच जातीच्या शब्दांमागे, म्हणजे व्हेन, इफ, अन्टिल, अ‍ॅज सून अ‍ॅज यांच्या मागोमाग, भविष्याचं बोलत असलात तरी विल येत नाही. ‘व्हेन वी विल रिसीव्ह’ नव्हे, ‘व्हेन वी रिसीव्ह’. विल पुढच्या अर्ध्या वाक्यात जातं. आपणही ‘माल मिळाला की कळवतो’ म्हणतो, ‘मिळेल की’ म्हणत नाही. एवढं आठवलं तरी पुरे.

‘की’बद्दल एकच. ‘त्यांनी विचारलं की माल कुठे आहे’ याचं ‘दे आस्क्ड दॅट व्हेअर इज द मटेरियल’ होतं. प्रश्नार्थक शब्द असला की दॅट गायब, आणि क्रियापद कर्त्यानंतर : ‘दे आस्क्ड व्हेअर द मटेरियल वॉज’.

बिकॉज आणि बिकॉज ऑफ, ऑल्दो आणि डिस्पाइट, व्हाइल आणि ड्युरिंग, या जोड्यांत अर्थ जवळजवळ सारखा असतो, मागणी वेगळी. पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं वाक्य येणार असेल तर पहिला, नुसतं नाम येणार असेल तर दुसरा. ‘बिकॉज इट रेन्ड’, ‘बिकॉज ऑफ रेन’. ‘डिस्पाइट ऑफ’ असं काही नसतं. तो ‘इन स्पाइट ऑफ’ आणि डिस्पाइटचा संकर आहे. आणि हाउएव्हर हे बटचं भारदस्त रूप नाही, ते मुळात कंजंक्शनच नाही. ‘वी कॉल्ड, हाउएव्हर नोबडी आन्सर्ड’ असं स्वल्पविरामावर भागत नाही. पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करा, नाहीतर सरळ बट लिहा. बट लिहिल्याने मेल हलका होत नाही.

तर तुमचा मेल असा : ‘वी हॅव सेंट द ड्रॉइंग्ज, बट वी हॅव बीन वेटिंग फॉर युअर अप्रूव्हल फॉर थ्री वीक्स. अन्टिल यू अप्रूव्ह देम, वी कॅनॉट डिस्कस डिलिव्हरी. प्लीज सेंड द साइन्ड कॉपी बाय फ्रायडे. आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू नेक्स्ट मंडे.’ पहिल्या वाक्यात फॉर दोनदा आलंय म्हणून काढू नका. एक वेटचं आहे, दुसरं तीन आठवड्यांचं. व्याकरण यात ठीक आहे, पण दुसरं वाक्य ग्राहकाला धमकीसारखं वाटेल. ‘वन्स यू अप्रूव्ह देम, वी कॅन फिक्स द डिलिव्हरी डेट’ असं लिहा. तेच सांगितलं जातं आणि कुणी दुखावत नाही.

राहिली साहेबांची शंका. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालतं. त्यावर आक्षेप घेतला तो 1672 मध्ये कवी जॉन ड्रायडनने, नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनाला नावं ठेवताना. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ या व्याकरणकार पाद्र्याने गंभीर लेखनात ते शेवटी न ठेवता ‘विच’सारख्या शब्दाच्या आधी आणलेलं बरं, असा सल्ला दिला. बंदी घातली नव्हती, आणि ही इंग्रजीची ओढ आहे हे सांगणारे त्याचे स्वतःचे शब्दच ‘टू’वर संपतात. पुढे शाळांनी त्याचा नियम करून टाकला. ‘विच ड्रॉइंग आर यू रेफरिंग टू?’ हे रोजचं, नीट इंग्रजी आहे. ‘टू विच ड्रॉइंग आर यू रेफरिंग?’ हेही बरोबर, फक्त वकिलाच्या नोटिशीसारखं. अर्थाला गरज नसलेलं प्रिपोझिशन शेवटी राहिलं तर मात्र तोडा : ‘व्हेअर इज द ट्रक अ‍ॅट?’मधलं अ‍ॅट ऑफिसच्या मेलमध्ये नको. साहेबांशी वाद घालायचा की नाही, ते तुम्ही बघा. त्यांच्या सहीने जाणाऱ्या मेलमध्ये त्यांच्या आवडीचं लिहा, तुमच्या सहीच्या मेलमध्ये ‘रेफरिंग टू’ बिनधास्त ठेवा.